सातवीच्या मापाच्या खुर्च्या

३ फेब्रुवारी

चि. बुटक्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले, उत्तर नाही म्हणून तू फुरंगटून बसला असशील. बस. पण आधी हे वाच, म्हणजे सगळा रुसवा आपोआप निघेल. आपल्या भिंगरीला दिवस गेलेत. तिसरा महिना सरत आलाय. लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्ही मायलेकींनी हा विषयच सोडून दिला होता, आणि परवा भांडी विसळताना, माझ्याकडे पाठ करूनच तिने सांगितलं. मी जन्मभर गावच्या लेकीसुना बाळंत केल्या, दारातून आत येणारीची चाल बघून महिना सांगायचे. आणि माझ्याच घरात मला पत्ता नाही! पक्कं झाल्याशिवाय आईला सांगायचं नाही असं नवराबायकोने ठरवलं होतं म्हणे. जावई तिकडे लांब विजेच्या तारांवर लोंबकळतोय, त्यांच्याकडे पण माणसं कमी, त्यामुळे महिन्याकाठी एकदा तोंड दाखवतो. पण फोनवर इतका हसत होता की मला त्याचं एक अक्षर कळलं नाही.

तुलाही फोनच केला असता. पण त्या यंत्राच्या करवतीने तुझे कान खाल्लेत. मागच्या खेपेला मी बरी आहे म्हटलं, तर तू घाबरून कोण गेलं म्हणून विचारत सुटलास. त्यापेक्षा कागद बरा. तर बाबा रे, आपल्या दोघांत मिळून ही एकच पोर. तू लग्न केलं नाहीस, माझी गाडी एकीवर थांबली. आता तिच्या पोटी आपल्या घरातलं पुढचं माणूस येतंय. मी दिवसातून चार वेळा स्वतःशीच हसते, स्वयंपाकघरातल्या बायका माझ्याकडे संशयाने बघतात.

दुसरी बातमी कामाची. माझा बाळंतपणाचा वॉर्ड गेल्या वर्षी बंद केला हे तुला माहीतच आहे. पाळण्यांवर धूळ बसायला लागली होती, कुठल्या तोंडाने नको म्हणणार? आता सगळ्या दवाखान्याचं वृद्धनिवास केलंय. वर म्हाताऱ्यांच्या खोल्या, आणि माझ्या वॉर्डात त्यांचं जेवणघर. जिथे रडणं ऐकायचे तिथे आता चमच्यांचा आवाज ऐकते. मला घरी बसू देत नाहीत, चादरी आणि भटारखाना माझ्या गळ्यात मारलाय. भिंगरी नर्स म्हणून तिथेच, आणि दिवसपाळीत चाळिशीच्या आतली ती एकटीच. बाकी आम्ही सगळ्या गुडघे धरून चालणाऱ्या.

तर त्या जेवणघराला दोन डझन खुर्च्या हव्यात. मी निवासाच्या साहेबांना तुझं नाव सांगून टाकलं. शाळेच्या बाकांचं काम तुझ्याकडे राहिलं नाही हे तू कितीही लपव. पूर्वी तुझं पत्र उघडलं की मांडीवर भुसा सांडायचा, हल्ली सांडत नाही. तेव्हा मुकाट्याने कामाला लाग.

भिंगरीचा तुला नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस, आणि करवतीपाशी बोटं सांभाळ.

तुझी,
ताई

०

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

या पत्रात मुद्दाम चिमूटभर भुसा घातलाय. घे, मन भरून झटक!

तुझं पत्र वाचलं आणि मी कारखान्यात एकटाच नाचलो. गुडघा टेबलाच्या कोपऱ्यावर आपटला, अजून काळानिळा आहे, पण फिकीर नाही. मी मामाआजोबा होणार! इतका लांबलचक हुद्दा माझ्यासारख्या आखूड माणसाला पेलेल का, ही एकच काळजी. भिंगरीला सांग, पाळणा माझा. दुकानातला आणलात तर मी तुमच्याशी बोलणार नाही. माझ्याकडे एक चांगलं मुरलेलं लाकूड आहे, गाठ नाही, चीर नाही. कशासाठी ठेवलं होतं ते मलाच कळत नव्हतं. आता कळलं.

तुझ्यापासून काही लपत नाही, तेव्हा सांगतोच. इथली शाळा पण दिवाळखोरासारखी एका दुपारी बंद झाली. मागे मीच केलेली बाकं भंगारवाल्याच्या गाडीवर चढताना मी रस्त्यात उभा राहून बघितली. पायांवर पोरांनी कोरलेलं सगळं तसंच. भंगारवाला म्हणाला, बाकं मजबूत आहेत, तोडायला त्रास होणार. मला हसावं की रडावं कळेना. माझ्या हाताखालचे दोघे केव्हाच मोठ्या शहरात गेले. तिथेही पुरेशी पोरं नाहीत म्हणून ओढून नेतात म्हणे. वखारवाल्याने परवा वखारीला कुलूप लावलं, त्याच्यामागे चालवणारं कुणी नाही. आता लाकूड लांबून मागवावं लागेल.

पण खुर्च्यांपुरतं आहे. कामाला लागलो सुद्धा. बाबांची मापाची पट्टी आठवते का तुला? खिळ्यावर टांगलेली, पहिलीपासून सातवीपर्यंतच्या खुणा असलेली. त्या पट्टीने आपण गावोगावची पोरं बसवली. म्हाताऱ्यांसाठी मी नवी पट्टी केलीय आणि तिच्यावर शिसपेन्सिलीने मोठी माणसं असं लिहून ठेवलंय, म्हणजे गोंधळ नको. पहिली खुर्ची तयार झाली तेव्हा बसून बघितलं. अगदी सिंहासन! तुझे म्हातारे जेवून उठायचंच नाव घेणार नाहीत.

भिंगरीला जड काही उचलू देऊ नकोस. तुला सांगणारा मी कोण, पण सांगतो. तुझा राग आणि तुझी माया दोन्ही मला अशीच मिळत राहोत.

तुझा,
बुटका

०

१६ मार्च

चि. बुटक्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या खुर्च्या पोचल्या. काय रे तुझे हात! पाठीचा तो बाक, कडा अशा गोल की झिजलेल्या साबणावरून हात फिरवावा. साहेब स्वतः येऊन बघून गेले. जुनी लंगडी बाकं त्यांनी त्याच दिवशी भंगारात घालवली. पहिल्या जेवणाला सगळे नटून आले, बसले, एकमेकांकडे बघून हसले. आपल्या गावच्या शाळेच्या मोठ्या बाई आता इथेच असतात, त्या म्हणाल्या की पहिल्यांदा शाळेत गेले त्या दिवशी असंच वाटलं होतं. सूप संपलं, पाव संपला. आणि मग कुणालाच उठता येईना.

अरे, खरंच सांगते. दोन डझन म्हातारी माणसं टेबलाच्या कडा धरून नुसती डुलताहेत, आणि एक जण वर येईल तर शपथ. मोठ्या बाईंनी तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा धपकन खाली. घड्याळवाले आजोबा, ज्यांनी गावातली सगळी घड्याळं दुरुस्त केली, ते म्हणाले की माझा काटा सहावर अडकलाय, वर सरकत नाही. आम्ही इतके हसलो की मला उचकी लागली. तुझ्या खुर्च्या बुटक्या आहेत, बुटक्या! माप कुणाचं घेतलंस, स्वतःचं? वर बैठक मागे उतरती. एकदा आत गेलेला माणूस आतच.

हसून झालं, आता रडगाणं. रोज तिन्ही जेवणांनंतर भिंगरी एकेकाला काखेत हात घालून उठवते. मी जाते मदतीला, पण माझ्या कमरेचं तुला माहीत आहे. उशा घालून पाहिल्या तर त्या सरकतात, आजोबा पडता पडता वाचले. इथला सुतार गेल्या साली वारला, त्याचं दुकान तसंच कुलूपबंद. मी साहेबांकडे जाऊन भांडले की माझ्या पोरीच्या पोटात पोर आहे, दुसरी कुणी द्या. ते बिचारे काय करणार, त्यांनी जाहिरात लावली, आणि आली एक बाई, त्रेसष्ट वर्षांची, स्वतः काठी टेकत. रेडिओवर मंत्री रोज सांगतात की देशाला तरुण माणसं हवीत. हवीत ना, पण जी आहेत त्यांच्या गळ्यात तुम्ही सगळे हात घालून लोंबताय त्याचं काय? मी रेडिओ बंद केला.

भिंगरी माझं ऐकत नाही. मग ते काय जेवणघरातच झोपणार का, म्हणून मलाच विचारते. पोट आता दिसायला लागलंय. तेज आलंय तोंडावर. तिला सगळे म्हातारे चोरून आपल्या वाटणीची फळं देतात. तेव्हा तू सवडीने ये आणि खुर्च्यांच्या पायांना ठोकळे जोडून दे. फार घाई करू नकोस, बसच्या फेऱ्या कमी केल्यात, दगदग होईल.

तुझ्या आठवणीत राहणारी,
ताई

ता. क. मामा, मी भिंगरी. आईचं मनावर घेऊ नकोस. खुर्च्या फार सुंदर आहेत. उचलायची मला सवय आहे, कामच ते. तू आधी पाळणा कर. खुर्च्यांचं मागून बघू.

०

२५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी आधी पोट धरून हसलो आणि मग मान खाली घालून बसलो. चूक कशी झाली ते सांगतो, तू मार, मी ओणवा होतो. नवी पट्टी मी केली, तिच्यावर मोठी माणसं लिहिलं, टेबलावर ठेवली. आणि पाय कापायला उठलो की हात आपला खिळ्याकडे जायचा. चाळीस वर्षांची सवय, हाताला कोण समजावणार? दोन डझन खुर्च्यांचे सगळे पाय मी बाबांच्या पट्टीने, सातवीच्या खुणेवर कापले. बैठक पण तशीच. पोरं चुळबूळ करून पुढे घसरू नयेत म्हणून आपण ती मागे उतरती ठेवतो. पोर त्यातून उडी मारून उठतं. म्हातारं माणूस बिचारं त्यात रुतून बसतं.

आणि बसून बघितलं ते मी! पाच फूटसुद्धा नसलेला मी! हाताखाली एखादं लांब तंगड्यांचं पोरगं असतं तर त्याला बसवून बघितलं असतं, त्याचे गुडघे हनुवटीला लागले असते आणि त्याने मला वेड्यात काढलं असतं. आता मला वेड्यात काढायलाही इथे कुणी नाही.

ठोकळे करणं सोपं आहे. प्रत्येक पायाला मुठीएवढा, मागच्या पायांचा जरा उंच, म्हणजे उतारही जाईल. पण खुर्च्यांना सगळं लाकूड गेलं. जे चिरफाळ्या पडलेलं कच्चं उरलंय ते माणसाचं ओझं घेणार नाही. नवीन लाकूड एप्रिलमध्ये येतंय. ते आलं की ठोकळे घेऊन मी हजर. तोवर भिंगरीने हुकूम दिलाय तसा पाळणा हातात घेतलाय. ते जपून ठेवलेलं लाकूड अगदी लोण्यासारखं रंधलं जातंय, ताई. डोक्याकडच्या फळीवर मी एक छोटी भिंगरी कोरतोय, गरगर फिरणारी. तिला आत्ताच सांगू नकोस.

मला बोल लावायचा तेवढा लाव. फक्त अबोला धरू नकोस, तो मला सोसत नाही.

तुझा मूर्ख,
बुटका

०

१९ एप्रिल

चि. बुटक्यास,
अ. उ. आ.

लिहायला हात होत नाही, पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे.

आपलं बाळ गेलं. सहावा लागला होता. मंगळवारी दुपारच्या जेवणानंतर भिंगरीच्या पोटात कळा सुरू झाल्या. मी बघितलं आणि मला कळलं, आणि त्या वेळी मला काही कळत नसतं तर बरं झालं असतं. बाळंतपणाचा जवळचा वॉर्ड आता डोंगरापलीकडे आहे. आपल्या रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर सत्तरीचा, त्याला घाटात जोरात चालवता येईना, तो रडत रडत चालवत होता आणि माझी माफी मागत होता. वाटेतच झालं. मुलगी होती. मी हातात घेतली. आयुष्यात इतकी बाळं घेतली या हातांत, बुटक्या, आणि हिला घेऊन काय करायचं ते मला सुचेना. मी तिला पदराखाली धरून नुसती बसून राहिले.

तिथल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या की असं होतं कधी कधी, कारण सापडत नाही, कुणाची चूक नसते. मीही हेच वाक्य किती जणींना सांगितलंय. जावई आला, दोन दिवस राहिला, परत बोलावणं आलं, गेला. भिंगरी अजून रडली नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेली असते.

तू आत्ता येऊ नकोस. आणि पाळणा आणू नकोस.

ताई

०

२४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काय लिहू? तुझं पत्र मी खिशात घालून फिरतोय. माझ्या भिंगरीचं असं व्हावं. त्या पोरीने आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नाही.

ताई, मला तुला एक विचारायचं आहे आणि तू मला धाकटा समजून उडवून लावू नकोस. तू लिहिलंस, दुपारच्या जेवणानंतर. तू खुर्च्यांचं एक अक्षर लिहिलं नाहीस. आधीच्या पत्रात पानभर खुर्च्या आणि या पत्रात एक शब्द नाही. तू मला वाचवते आहेस ना? त्या दिवशीही ती सगळ्यांना उठवत होती ना, माझ्या त्या खड्ड्यांमधून? मी डोळे मिटले की मला तीच दिसते, वाकलेली, एकेकाला वर ओढणारी. खरं काय ते सांग. तू खोटं लिहिलंस तर मला ओळखू येईल, तू खोटं लिहिताना अक्षर फार सुबक काढतेस.

लाकूड अजून आलं नाही. लाकूड आहे म्हणतात, ट्रक आहे, चालवायला माणूस नाही. काल मी पाळणा पुढ्यात घेतला. तयार झालाय, नुसतं तेलपाणी राहिलंय. त्याचेच ठोकळे करावेत, निदान खुर्च्या तरी नीट होतील, असं ठरवून करवत टेकवली. हात हललाच नाही. एवढा मोठा बाप्या, पाळण्यावर डोकं ठेवून रडलो. शेजारी ऐकायला कुणी राहत नाही हे बरं.

तुझ्या उत्तराची वाट बघणारा,
बुटका

०

२ मे

चि. बुटक्यास,
अ. उ. आ. वि. वि.

बघ माझं अक्षर. जिथे तिथे वाकडं आलंय, तेव्हा खरंच लिहितेय असं समज.

हो, त्या दिवशीही ती उठवत होती. शेवटचे घड्याळवाले आजोबा. त्यांना उभं केलं आणि ती टेबलाला धरून राहिली. तुझ्या खुर्च्यांनी झालं का, हे मला माहीत नाही. मी इतक्या बायका बघितल्या, शेतात राबून धडधाकट पोरं जन्माला घालणाऱ्या बघितल्या आणि गादीवरून न उठताही रिकाम्या हाताने घरी गेलेल्या बघितल्या. नाही असं छातीठोक सांगितलं तर तू ओळखशील. हो असं सांगायला मला कुठला आधार नाही. हे दोन्ही घेऊन आपल्याला जगायचंय, तुला आणि मला. मलाही, कारण सवडीने ये, घाई करू नकोस असं मीच लिहिलं होतं. बाळंतपणं करण्यात केस पांढरे केले मी, आणि तुझी दगदग वाचवत बसले!

पण एक ऐक. माझा वॉर्ड भरलेला असायचा तेव्हा आम्ही सहा जणी होतो, सगळ्या तरण्या, घोड्यासारख्या. एकीला दिवस गेले की बाकीच्या तिला चादरसुद्धा उचलू द्यायच्या नाहीत. खुर्ची बुटकी असती तरी पाच जोड हात होते. आता एकीच्या अंगावर सगळं गाव उठतंबसतं. ज्या पोरींनी तिच्या बरोबरीने उचलायचं त्या जन्मालाच आल्या नाहीत, बुटक्या. मी तिथे होते, मला माहीत आहे, पाळणे रिकामे राहत गेले ते मी रोज पुसून ठेवत होते. आणि आता जी एक आली असती तीही नाही आली. माझ्या डोक्यात दिवसरात्र हेच घोळतं. हे गाव पुढे कोण चालवणार, ही म्हातारी माणसं कुणाच्या हाताला धरून उठणार, आणि भिंगरी म्हातारी झाली की तिला कोण उठवणार?

उद्यापासून ती कामावर जातेय. मी आडवी पडले दारात. ती म्हणाली की तिच्या जागी ती काठीवाली बाई आहे, ती एका आजींना उठवताना दोघी पडल्या. पाळण्याचं तू लिहिलं होतंस ते मी तिला वाचून दाखवलं.

तुझ्यावर माझा राग नाही. असता तर तुला माहीत आहे, मी कधीच तोंडावर बोलले असते.

तुझी,
ताई

०

९ मे

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आईला न विचारता लिहितेय. तूही तिला उलट काही लिहू नकोस.

आधी खरं ते सांगते. मला तुझा राग आला होता. तुझा, आईचा, साहेबांचा, त्या घाटाचा, आणि सगळ्यात जास्त त्या म्हाताऱ्यांचा. पडल्या पडल्या मी एकेकाचं वजन आठवत होते. कुणाला उचलताना पाठीत कळ यायची, कोण मुद्दाम अंग सैल सोडायचं. वाटायचं की पुन्हा त्यांच्या काखेत हात घालायचा नाही, राहू देत रुतलेले. आणि त्यांचं दुसरं कुणी नाही हेही माहीत होतं, म्हणून आणखी चिडायचे. तू पाळणा आधी कर म्हणून मीच लिहिलं होतं, तेव्हा तुझ्याशी भांडायचीही सोय नाही. असो. ते सांगून टाकलं, आता पोटात नाही.

तीन तारखेला कामावर गेले. सकाळचा चहा त्यांनी खोल्यांमध्येच घेतला होता. दुपारी सूप वाढायची वेळ झाली, मी जेवणघराचं दार ढकललं. मामा, सगळे उभे होते. टेबलाच्या दोन्ही बाजूंना, आपापल्या खुर्चीच्या मागे, तिची पाठ दोन्ही हातांनी धरून. चाकाच्या खुर्चीतले तेवढे बसलेले. मला वाटलं माझ्यासाठी म्हणून क्षणभर उभे राहिले असतील, सांत्वन वगैरे. मी म्हटलं बसा. कुणी बसेना. मोठ्या बाईंनी मला शाळेतल्यासारखं दटावून सांगितलं की सुतार येऊन खुर्च्या उंच करेपर्यंत हा वर्ग बसणार नाही, आणि माझा हात आजपासून कुणाच्याही काखेत दिसता कामा नये. मी परत पाळीवर येणार हे कळल्यापासून दोन दिवस त्यांची तालीम चालली होती म्हणे.

मी आधी ओरडले. मग विनवण्या केल्या. मग परत ओरडले. त्यांनी उभ्यानेच सूप प्यायलं, एका हाताने पाठ धरून, दुसऱ्या हाताने वाटी तोंडाला लावून. निम्मं सूप गळ्यावर सांडत होतं. घड्याळवाले आजोबा तर थरथर कापत होते. मी त्यांच्याजवळ गेले, तर मला लांब राहायला सांगून म्हणाले, जन्मभर बसूनच घड्याळं दुरुस्त केली, थोडं उभं राहिलो तर काय बिघडलं. आणि मग त्यांचं तोंड वाकडं झालं आणि ते म्हणाले की तू त्या दिवशी शेवटचं मलाच उचललंस ना गं पोरी. तेव्हा मी रडले, मामा. घाटात रडले नव्हते, घरी रडले नव्हते, तिथे सगळ्यांच्या मध्ये फरशीवर बसून हंबरडा फोडला. कुणाला खाली वाकून मला उठवता येईना. सगळे नुसते उभे राहून माझ्याकडे बघत होते, आणि मोठ्या बाई लांबूनच, उगी, उगी, म्हणत होत्या. माझी मीच उठले.

त्या दिवसापासून रोज, तिन्ही वेळा असंच चाललंय. साहेबांनी समजावलं, आईने तर पळी उगारली, पण ते कुणाचं ऐकत नाहीत.

आईने मला तुझं पत्र वाचून दाखवलं. पाळण्यावर करवत टेकवलीस आणि हात हलला नाही ते. मामा, काप. ट्रकची वाट बघत बसू नकोस. मला वाईट वाटणार नाही असं मी म्हणत नाही, फार वाटेल. तू डोक्याकडच्या फळीवर काहीतरी कोरलं असशील, तुला मी ओळखत नाही का? ती फळी ठेव तुझ्याकडे. पुढचं मला आत्ता काही दिसत नाही, पण ती ठेव. बाकी सगळ्याचे ठोकळे कर, मागच्या पायांचे जरा उंच, आणि मिळेल त्या बसने ये.

इथे सगळ्यांच्या पायांवर सूज आलीय. मी रोज त्यांना सांगते की मामा निघालाय. तुझ्यावरचं माझं प्रेम होतं तेवढंच आहे, आणि जेवणघरात सगळे तुझी वाट बघताहेत. उभ्याने.

तुझी,
भिंगरी